खाते उघडण्याआधीच बंदी मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
ऑनलाइन जुगार प्रतिबंध कक्ष, मनिला

अर्जदार: टेओडोरा माकाराएग, रा. मासळी बाजारामागे, दागुपान

विषय: मुलगी जोवेलिन हिला सर्व ऑनलाइन कॅसिनोंत कायमची बंदी घालणेबाबत.

संदर्भ: 'ज्या व्यक्तीचे खातेच नाही तिच्यावर बंदी घालता येत नाही' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचे पती एफ्रेन यांच्यावर आपण अर्जदाराच्याच विनंतीवरून बंदी घातलीत, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. मात्र बंदी नावावर पडली, माणूस मोकळाच राहिला. नव्या खात्याला स्वागत बोनस मिळतो, म्हणून ते आता घरातल्या एकेकाच्या नावाने खाती उघडतात. त्यासाठी ओळखपत्र लागते, आणि फोनसमोर चेहरा डावीउजवीकडे वळवून डोळ्यांची उघडझाप करावी लागते.

२. प्रथम दीर रोमुलो यांचा चेहरा घेतला. एकाच फोनवर दोन खाती दिसताच कंपनीने रोमुलोंना लबाड ठरवले आणि त्यांचा पगार येतो ते मोबाइल वॉलेटही गोठले. बिचाऱ्यांनी जन्मात एक डाव खेळलेला नाही. पती शहाणे झाले, फोन बदलू लागले. मग सासूबाईंची पाळी आली. त्या पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. पतींनी हनुवटी धरून त्यांची मान वळवली. लेक फोटो काढतोय असे वाटून त्या हसल्या. अर्जदार पेजेची वाटी घेऊन दारातच उभी होती.

३. कंपनीकडे तक्रार केली असता उत्तर आले की चेहरे वेगवेगळे आहेत, सबब खाती दुबार नाहीत. चेहरे वेगळे आहेत हे खरे. बोट एकाचेच आहे. आता शेजारीही किलोभर तांदळावर चेहरा देतात. तरी आमच्या संपूर्ण गल्लीवर, अर्जदारासकट, बंदी घालावी. पाद्रीबाबांनाही वगळू नये. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही.

४. जोवेलिनला येत्या रविवारी एकवीस वर्षे पूर्ण होऊन ती खात्यास पात्र होईल. तिला नर्सची पहिली नोकरी लागली आहे. पतींनी वाढदिवसाला पान्सितच्या शेवया सांगून ठेवल्या आहेत. काल त्यांनी तिचे कपाळावरचे केस मागे सारले व ते म्हणाले, "असे बांधत जा गं, चेहरा किती छान उघडा दिसतो." पोर लाजली. अर्जदाराने तिला बाजूला घेऊन सगळे सांगितले, तर म्हणते, "मम्मा, पप्पांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलंय का? चेहराच तर हवाय. देते की!"

साहेब, ती देईल हो.

५. आपले लिपिक फोनवर म्हणाले, "ताई, एकदा खातं निघू द्या, मग लगेच बंद करू." तोवर पोरीचा पगार अडकेल आणि नावाला रोमुलोंसारखा डाग लागेल. कृपया रविवारपूर्वी आदेश व्हावा. अर्जदाराकडे दुसरा उपाय उरलेला नाही.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
टेओडोरा माकाराएग
दागुपान, बुधवार

सोबत:
१. पतींवरील बंदी आदेशाची प्रत.
२. जोवेलिनचा जन्मदाखला.
३. जोवेलिनचा समोरून काढलेला फोटो: नियमात आहे, तरी जोडलेला नाही. या घरातून तिचा चेहरा मी कुणाच्याही हाती देणार नाही, आपल्याही नाही. खात्री करायची असल्यास माणूस पाठवावा. ती दुपारच्या पाळीला निघते तेव्हा मी दाखवीन, लांबून.