हळदकुंकू वाहिलेले मास्क

नेरूळ,
६ ऑक्टोबर २०२५

चि. रावसाहेब यास,
अ. उ. आ.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र.

तेजश्री गावी दसरा करून सुखरूप पोचली. तू पाठवलेलं आलं अर्धी सोसायटी चहात घालते आहे. मात्र आल्यापासून तुझी लेक धड जेवलेली नाही. कारण ऐकलंस तर तुझाही घास अडकेल.

तुर्भ्याच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती सेफ्टी ऑफिसर आहे, तिथली फळं अमोनिया वायूवर थंड राहतात. तो गळला तर डोळे आणि फुप्फुसं जाळतो. त्यासाठी कपाटात रबरी मास्क असतात आणि त्यांना लावायचे फिल्टर सीलबंद पाकिटात. खंडेनवमीला ही पोर तुझ्याकडे होती, तेव्हा इकडे मॅनेजर सौरभनं यंत्रांची पूजा मांडली. हौस एवढी की मास्कही पाटावर. पाकिटातल्या वस्तूला हळदकुंकू वाहायचं कसं, म्हणून एकेका फिल्टरचं सील फोडलं, वर झेंडू ठेवला आणि ती येईपर्यंत सगळे तसेच उघडे. सील फुटलं की आतलं रसायन हवेतला ओलावा पीत बसतं. मग तो मास्क आणि जत्रेतला मुखवटा यांत फरक उरत नाही.

दिवाळीपूर्वी यंत्रघरातला एक व्हॉल्व्ह खोलायचा आहे. तेजश्री म्हणते की आधी धोका कमी करायचा, मग माणसाला झाकायचं. म्हणून पहिल्यांदा त्या पाइपातला वायू काढून घ्या, नवे फिल्टर आणा, पाठीवर हवेची टाकी बांधलेला एक जण दाराशी उभा करा, आणि मगच हात लावा. सौरभ म्हणाला की पूजा केलेली वस्तू बाद कशी होईल, आणि इतकीच भीती असेल तर कोरोनातले मास्क खोकाभर पडलेत. तिनं कामाच्या परवानगीवर सही केली नाही. व्हॉल्व्ह खोलणार कोण, तर आपल्या गावचा कृष्णात.

लोभ आहेच. या वयात तो मागून घ्यायची मला सवय नाही.

तुझी,
अक्का


कोरेगाव,
१० ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तुझ्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटातली सिस्टर माझ्याच हातावर पट्टी मारते आहे असं वाटलं.

तेजश्रीच्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांचा, शेठचा फोन तुझ्या पत्राच्या आधी आला. धाकट्या पोरानं ऐकून मला ओरडून सांगितला. माझं आलं वाशीला त्यांच्याच गाळ्यावर उतरतं, हे तू जाणतेसच. ते गोड बोलले. मुलगी हुशार आहे पण अजून कच्ची आहे, पूजेचा बाऊ करते, एवढंच म्हणाले.

कृष्णातलाही विचारलं. तो म्हणतो की दर वर्षी ओला पंचा तोंडाला गुंडाळून करतो, काका. डोळ्यांना पाणी येतं, मग बाहेर येऊन गूळ खायचा. करणाऱ्याची तक्रार नाही तर आपल्या पोरीनं का अडून बसावं? दिवाळीनंतर तिला पाहायला पाहुणे येणार आहेत. नोकरी सुटली म्हटलं की लोक दहा कारणं काढतात. ती तुझं ऐकते. एक सही करायला सांग.

मोठी आहेस, रागावलीस तरी जवळ ठेव.

तुझा,
रावसाहेब


नेरूळ,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. रावसाहेब यास,
अ. उ. आ.

तू सांगितलेलं मी केलेलं नाही. पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे शेवटपर्यंत आशेवर राहायला नको.

बेलापूरच्या कचेरीत अपघात विम्याचे दावे तपासता तपासता माझे केस पांढरे झाले. मेलेल्या बहुतेकांनी ते काम आधी कितीदा तरी केलेलं होतं. पहिल्यांदा करणारा उलट जपून करतो. ओल्या पंचानं थोडा वास अडतो, आणि तेजश्रीच्या मते तेच वाईट. माणसाला वाटतं आपण झाकलेले आहोत, आणि तो आत रेंगाळतो. डोळे उघडेच. आणि गुळानं फुप्फुसं धुतली जात असती तर सरकारनं दवाखाने गुऱ्हाळात काढले असते.

सोमवारी मी शेठच्या ऑफिसात गेले, तेजश्रीला न सांगता. वाटेत सौरभकडून एक पुजलेला मास्क मागून घेतला. त्याला वाटलं म्हातारीला दर्शन घ्यायचं आहे. तो शेठच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं की श्रद्धा तुमची मोठी, तेव्हा पहिला मान तुमचा. हा चढवून व्हॉल्व्ह खुलेपर्यंत कृष्णातच्या शेजारी उभे राहा, मग सही करायला तेजश्रीला मी स्वतः सांगते. शेठनं मास्ककडे पाहिलं. फिल्टरवर कुंकू वाळलेलं होतं. मग त्यांनी पाणी मागवलं, स्वतःसाठी. मास्कला हात लावला नाही.

काम तूर्त थांबलं आहे. पण संध्याकाळी तेजश्रीला सांगण्यात आलं की दिवाळीपर्यंत सही कर, नाहीतर पाडव्यापासून येऊ नकोस. ती माझ्यावर चिडली, माझं भांडण तू का भांडलीस म्हणून. चिडायचा तिला हक्क आहे. सही मात्र करणार नाही म्हणाली.

ती गेली की तिच्या जागी दुसरा कोणी सही करेल, म्हणून आता काम तुझ्याकडे. कृष्णातची आई सत्यभामा तुझ्याच गल्लीत राहते. तिच्या दारात जा आणि मला लिहिलंस तेच तिला सांग, की पोरगा पंचा बांधून करेल, आम्हाला आमच्या मुलीचं स्थळ बघायचं आहे. तोंडातून निघालं तर मी हरले.

माया कमी झालेली नाही, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
अक्का


कोरेगाव,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. तेजश्रीस,
अ. उ. आ.

पाडव्याला तुझी नोकरी गेली ते समजलं. तू फोनवर बोलली नाहीस, म्हणून मीच लिहितो.

आत्यानं जे सांगायला धाडलं होतं, ते सत्यभामावहिनींच्या दारात मला बोलता आलं नाही. मग खरं तेच सांगितलं, फुटलेल्या सीलपासून शेठच्या फोनपर्यंत. त्यांनी अंगण सारवता सारवता ऐकलं. कृष्णात दिवाळीला घरीच होता. त्याला त्या म्हणाल्या की रावसाहेबांची पोर तुझ्यापायी नोकरीवर पाणी सोडते, आणि तू गूळ कसला खातोस. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

भाऊबीज करून तो परत गेला आणि नवे फिल्टर आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावणार नाही, असं त्यानं सौरभला सांगितलं. त्याच्या पाळीतल्यांनीही तेच सांगितलं. ते यंत्रघर जाणणारी दुसरी माणसं शेठ ऐन वेळी आणणार कुठून? काल फिल्टर आले, सीलबंद. हवेची टाकीही आली. तुला मात्र बोलावणार नाहीत, असं कृष्णात म्हणतो. त्याला ते बोलताना जड गेलं.

माझं आलं या खेपेला दुसऱ्या गाळ्यावर उतरवलं, आणि शेठना तसं कळवलं. पाहुण्यांनाही कळवलं की मुलगी सध्या नोकरीत नाही, आणि का नाही. यायचं तर येतील.

आता तू मुलाखती देशील. आधीची नोकरी का सुटली, असं विचारतील. तिथे आवाज बारीक करू नकोस. सही केली नाही म्हणून सुटली, असं सांग. वडील कर म्हणत होते तरी केली नाही, हेही सांग. ते ऐकून जो तोंड वाकडं करेल, त्याच्याकडे कामाला लागू नकोस.

लोभ होताच. आता तुझा जरा धाकही वाटतो, तो राहू दे.

तुझे,
आबा