ओट्यावरची चव

आप्पा, ज्याच्या कृपेवाचून जिभेला रस कळत नाही आणि वाणीला अर्थ फुटत नाही, त्या सर्वसाक्षी परमेश्वराला वंदन करून तुमच्याशी बोलायला बसलो आहे. नित्याची पूजा आटोपली. देवापुढचे निरांजन अजून तेवते आहे. आपला आंब्याच्या कॅनिंगचा कारखाना पाडून नवा बांधायचे ठरले आहे. त्या निमित्ताने तुमची एक गोष्ट, जी घराबाहेर न्यायची नाही असे आईने मला बजावले होते, ती मी परवा बाहेर नेली. हे प्रथम तुम्हालाच सांगितले पाहिजे.

हातखंब्याहून पालीकडे जाताना लागणारा तो उघडा सडा, ते कातळाचे माळरान, आणि त्यावर तुम्ही बांधलेल्या चार पडव्या. एकीत आंब्यांची निवड, दुसरीत रस, तिसरीत डबेबंदी, चौथीत कचेरी. चारींची दारे मधल्या जांभ्या दगडाच्या ओट्याकडे उघडणारी; दुसरी वाट तुम्ही मुद्दामच ठेवली नाहीत. कुणाला कुठेही जायचे झाले तरी ओट्यावरून, म्हणजे इतरांच्या तोंडासमोरून जावे लागे. हंगामाच्या अखेरीस सरी सुरू झाल्या की माणसे भिजत आणि कुरकुरत. कचेरीतल्या कारकुनाने मागच्या भिंतीत दार पाडून मागितले, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाट लांबची पडली तर चालेल. माणूस लांब पडता कामा नये."

सकाळी पहिल्या कढईचा रस वाटीत येतो. तुम्ही देवाला नैवेद्य दाखवता, आणि प्रत्येक पडवीतून आलेल्या एकेका माणसाच्या उजव्या तळहातावर तीर्थासारखा एक पळी रस घालता. आधी स्वतः घेता, डोळे मिटता, काही क्षण तसेच उभे राहता. मग म्हणता, "बोला." निवडीची बाई म्हणते की फळ गवताच्या आढीत नीट मुरलेले नाही. रस आटवणारा म्हणतो की मग आच मंद ठेवतो. डबेवाला त्यांना टोमणा मारतो की तुमचे हे लाड पुरवता पुरवता माझे डबे गंजतील, आणि तरीही थांबायला तयार होतो. सर्वांचे बोलून झाले की तुम्ही मान हलवता आणि काम सुरू होते. आप्पांच्या जिभेवर कारखाना चालतो, असे सगळे म्हणत. मला त्याचा केवढा अभिमान होता.

आणि मग स्वयंपाकघरातला तो दिवस. आमटीत मीठ घालायचे आई विसरली होती. मी तोंड वाकडे केले. तुम्ही मात्र पुन्हा वाढून घेतलीत आणि छान झाली आहे म्हणालात. तुम्ही हात धुवायला उठल्यावर आईने पदराने डोळे टिपून मला सांगितले. मोठ्या तापातून उठलात तेव्हापासून तुम्हाला कशाचीच चव लागत नव्हती. "हे उंबऱ्याबाहेर जायला नको हो," ती म्हणाली, "त्यांची अब्रू त्या जिभेवर उभी आहे." ती गेली, तुम्ही गेलात, मी गप्प राहिलो.

परवा पुतण्याने ओट्यावरच नव्या इमारतीचा आराखडा माझ्यापुढे पसरला. मुलगा कष्टाळू आहे, त्याला बोल लावत नाही. प्रत्येक विभागाला वेगळे दार, वेगळे पाणी, जेवायला वेगळी जागा. अलीकडे निवडीवाले रसवाल्यांना दोष देतात, रसवाले डबेवाल्यांना, आणि माल परत येतो. यावर उपाय म्हणून वरच्या मजल्यावर काचेची बैठकीची खोली, त्यात वाटोळे टेबल. ओटा आराखड्यात कुठेच नव्हता. मी विचारले, तर म्हणाला, "काका, आजोबांची जीभ होती तोवर ओट्याला अर्थ होता. आता गोडी मोजायला यंत्र आहे."

लहानपणी तुम्ही सांगितलेली जुनी कथा मला आठवली. श्रेष्ठ कोण यावरून इंद्रियांचा वाद झाला. एकेक इंद्रिय देह सोडून गेले तरी देह जगला, पण प्राण निघू लागला तेव्हा सगळी हादरली. तुमची रसना तुम्हाला सोडून गेली आणि कारखाना चालत राहिला. प्राण होता तो ओट्यावरच्या बोलण्यात. पण हे पटवून द्यायचे, तर तुमची झाकली मूठ उघडावी लागणार होती. मी उघडली. पुतण्याला सारे सांगितले.

शेजारीच तुमच्या वेळची ती निवडीची बाई आंबे चाचपत बसली होती. आता पार म्हातारी झाली आहे. मान वर न करता ती म्हणाली, "आमास्नी ठावं होता, भाऊ. एकदा करपलेला रस त्यांनी मान डोलवून घेतलान. तवापास्नं आमीच आपसात आधी बोलून घ्यायचो. त्यांना कळू द्यायचा न्हाय, येवढाच ठरवलेला."

पुतण्याने आराखड्यावरची वेगवेगळी दारे पेन्सिलीने खोडली. ओटा वाचणार नाही. नेमका तिथेच नवा पाया येतो आहे. पण चारी दारे एकाच चौकात उघडतील, एवढे त्याने मान्य केले. मला समाधान वाटायला हवे होते. त्याऐवजी रोज सकाळी डोळे मिटून उभे असलेले तुम्ही दिसत राहता. कुणी ओळखेल का, या धास्तीने तुम्ही ज्यांच्यासमोर उभे होतात, त्यांनी कधीच ओळखले होते, आणि ओळखून तुम्हाला सावरून धरले होते. ती लाज तुम्ही एकट्याने शेवटपर्यंत वाहिलीत. एकाही माणसाने तुम्हाला सांगितले नाही की ती खाली ठेवा. मीही नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? देवघरात पोथीखाली ठेवतो. अजून एकच सांगायचे राहिले. यंदाचा पहिला रस ओट्यावर सगळ्यांसमोर मी तळहातावर घेतला आणि मला कसलीच चव लागली नाही. घरात अजून कुणाला बोललो नाही. डोळे मिटले, आणि म्हणालो, "बोला."

पुढे कधी हे कुणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्या प्रत्येकाला, तुमच्या पुण्याईने, आपली उणीव ओळखूनही शेजारी उभी राहणारी माणसे लाभोत. आणि ती उणीव त्यांना जिवंतपणीच सांगून टाकण्याचे धैर्यही लाभो.