कच्चा लसूण बंद करा

तीर्थरूप आप्पा, इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात हल्ली बसून काम मिळतं.

काल लसूण सोलताना नर्सबाईंना कौतुकाने सांगितलं, "माझ्या शब्दावर आप्पा रोज कच्च्या पाकळ्या चावतात, हृदयासाठी." त्या म्हणाल्या, "रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जपून हं. रक्त लवकर थांबत नाही."

तुमची तर ती गोळी रोज चालू आहे. दाढी करताना कापलं आणि रक्त थांबेना, असं आईने कळवलं, तेव्हा मीच लिहिलं होतं, अशक्तपणा असेल, एक पाकळी वाढवा.

जखम भरली का? पत्र वाचताच कच्चा लसूण बंद करा, भाजीतला चालेल. गोळी सोडू नका, डॉक्टरांना सगळं सांगा.

जन्मात कुणाचं ऐकलं नाहीत, आप्पा. माझंच तेवढं कशाला ऐकलंत?

तुमची अतिशहाणी धाकटी