धूळ तेवढी काढायची

१२ मार्च, गुरुवार
एम ट्वेंटीफाइव्ह हायवे ठप्प. वॉटफर्ड ते मेडनहेड पावणेदोन तास. कामावर पोचले तेव्हा नेल तिच्या फोटोच्या शेडच्या दारात उभी, हातात थंड झालेली कॉफी. लायब्ररीचा फोन आला होता म्हणाली. प्रदर्शनाला बारा पोर्ट्रेट्स हवीत, आपल्याकडे अकराच आहेत. "बारावी तुझी आई. शनिवारी आण." विचारत नव्हती, सांगत होती.

आईला पुण्याहून येऊन सहा आठवडे झाले. स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलंय, बाकी खिडकीत बसून समोरच्यांची मांजर बघते. तिला समजावून सांगितलं. बाई अमेरिकन आहे, एकाहत्तर वर्षांची, एका माणसाचा एकच फोटो काढते. काचेची एक प्लेट, संपलं. बसणाऱ्याने स्वतःची एक वस्तू आणायची. कॅमेऱ्याला रबरी नळी आहे, टोकाला फुगा. फुगा बसणाऱ्यानेच दाबायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, सोडायचा. आणि तेव्हा नेल पाठ करून उभी राहते.
"पाठ करून? मग फोटो काढतं कोन?"
"तूच."
"मग ती काय करती?"
"थांबते."
आई पुष्कळ हसली.

१४ मार्च, शनिवार
आई बसली. माझी लेक मित्राही आली होती, परीक्षेचा अभ्यास सोडून. आजीबरोबर कारमध्ये मागे बसून दोघींची खुसुरफुसुर.

लोकांना त्या खुर्चीत तास तास लागतो. मागे एक बसड्रायव्हर चाळीस मिनिटं फुगा धरून बसला आणि शेवटी रडला. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत प्लेट भरत होते. बाहेर आले तर आई खुर्चीत, पांढरी साडी, आणि पदरावर खांद्यापाशी बिल्ला. पितळी. नंबर ४१७. पालिकेचा, झाडूखात्याचा. एकतीस वर्षं पहाटे तो लावून ती रस्ते झाडायला जायची. इंग्लंडला घेऊन आलीय हे मला माहीतसुद्धा नव्हतं.
"आई, हे काय?"
"वस्तू आनायला सांगितलीस ना."
नेलने पाठ केली. आईने लगेच दाबला. अर्धं मिनिटही लागलं नाही. नेल म्हणाली, इतकं पटकन आजवर कुणी केलं नव्हतं.

मी मात्र पुढचं मोजत होते. एप्रिलमध्ये हे वॉटफर्डच्या लायब्ररीत लागणार, तीन फूट उंच.

१७ मार्च
प्लेट अप्रतिम आलीय. आईच्या डोळ्यांखालची जाळीसुद्धा दिसते. आणि ४१७.

कुठून सुरू झालं ते एकदा लिहून काढते. लग्नाच्या बायोडेटात होतं, आई: पालिकेत नोकरी. खोटं नव्हतं. सासरी त्याचं 'पालिकेच्या ऑफिसात' झालं, मी गप्प. इथल्या आपल्या माणसांच्या मंडळात कुणीतरी म्हणालं, क्लार्क होत्या का? मी मान डोलावली. मित्राला तर मीच सांगितलं की आजी ऑफिस जॉब करायची. अविला खरं ठाऊक आहे. तो नवरा म्हणून भला आहे, विषय काढत नाही. एकेकदा वाटतं काढला असता तर बरं झालं असतं.

उद्घाटनाला मंडळ येणार, हॅरोहून नणंद आणि तिचे मिस्टर येणार. आमंत्रणं मीच पाठवलीत, सगळ्यांत आधी.

१९ मार्च, गुरुवार
केलं.

स्कॅनवरून बिल्ला घालवायला वीस मिनिटं लागली. पांढरं सुती कापड, शेजारचा तुकडा उचलायचा, वर बसवायचा, विणीची दिशा जुळवायची. पुण्यात लग्नाचे अल्बम करायचे तेव्हा हेच तर शिकले. नवरीची मुरुमं घालव, वरमाईचा रंग उजळ कर. लोकांचे डाग काढण्यात माझी हयात गेली. हात बसलाय. हात आपोआप चालला असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. आधी उठून शेडच्या दाराला कडी लावली होती.

नेलने मला कामावर ठेवलं त्या दिवशी एकच नियम सांगितला होता. काचेवर धूळ बसते, ती काढायची. "धूळ तेवढी काढ. माणसाचं काही काढू नकोस." न्यूयॉर्कमध्ये ती मोठ्या मासिकांसाठी फोटो काढायची. एका बॉक्सरचा कान फाटलेला होता, मासिकाने तो परस्पर अख्खा करून छापला. बॉक्सरचा तिला फोन: माझा कान कुठे गेला? त्यानंतर तिने मासिकं सोडली, नवऱ्यामागे इकडे आली. पुढे नवराही वारला, ही नदीकाठच्या या शेडमध्ये राहिली. हा किस्सा तिने मला निदान दहा वेळा सांगितलाय.

९ एप्रिल
बारा प्रिंट्स आल्या. नेलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हॉस्पिटलच्या यादीत कधीची लटकलीय. प्रिंट नाकाशी धरून बघितली आणि ठेवून दिली. "मला नुसतं धुकं दिसतं. तू बघितलंस ना? यू आर माय आईज."
हो म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार
कम्युनिटी हॉलमध्ये जयंती. दीडशे माणसं, जय भीमचा गजर, शेवटी जेवण. मला भाषणाला विषय दिला होता स्वाभिमान. बारा मिनिटं बोलले, कागद न बघता. आपण कोण हे लपवणं हीच पहिली गुलामी, असंही एक वाक्य टाकलं. टाळ्या.

आई पहिल्या रांगेत, तीच पांढरी साडी. सगळ्यांत उशिरापर्यंत टाळ्या तीच वाजवत होती. शेजारच्या बाईला सांगत होती, माझी लेक.
जेवण गेलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार
उद्घाटन. नेल भाषण करत नाही, कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिली.

आई फोटोसमोर उभी राहिली. मी दोन पावलं मागे. आधी चेहरा बघितला, मग खाली. तिचा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला, पदर चाचपला. आज तिथे काही नव्हतंच, साधी सेफ्टीपिन होती. म्हणाली,
"साडी चांगली आली."
बस, एवढंच.
नणंद आली. "किती ग्रेसफुल दिसताय हो फोटोत. ऑफिसात होतात ना तुम्ही?"
आईने माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाली, "होते पालिकेत."
माझेच शब्द. बायोडेटातले. मला वाचवायला वापरले तिने. मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२६ एप्रिल
सकाळी मित्रा, टोस्ट खाताना: "मम, आजीचा बॅज कुठे गेली? फोटोमध्ये नाहीये."
म्हटलं, कुठला बॅज.
"ब्रासची. आजीनी कारमध्ये दाखवली मला. ती म्हणली ती रोड क्लीन करायची, थर्टी वन इयर्स. मी फ्रेंड्सना पण सांगितलं." मग तिने फोनमधून डोळे वर काढले. "तू का म्हणलीस ऑफिस?"
मी म्हटलं, बसला उशीर होईल. रविवारी.
पंधरा वर्षांच्या पोरीला लाज वाटत नाही, मला वाटते. मी कुणासाठी लपवत होते? तिच्यासाठी, असं आजवर धरून चालले होते.

८ मे, शुक्रवार
नेलला अचानक तारीख मिळाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मीच आणलं-नेलं. गाडीत डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून बसली होती, लहान मुलासारखी खूश. आता सगळ्या प्रिंट्स नीट बघणार म्हणाली.
चांगलं झालं, असं मी म्हटलं आणि मनातून चरकले. म्हातारीला दिसायला लागलं याचं वाईट वाटणारी बाई.

१३ मे, बुधवार
नेल काल एकटीच ट्रेनने वॉटफर्डला जाऊन आली. आज मी शेडमध्ये शिरले तर आईची प्लेट खिडकीशी टेकवलेली.
"प्रिंटमधला बिल्ला कुठे आहे?"
मला कबूल करायचं होतं. शप्पथ. पण तोंडातून आलं, "आईनेच काढायला सांगितला."
एका सेकंदात. जराही अडखळले नाही.
नेल ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. म्हणाली, म्हणजे मी तिला दुखावलं. वस्तू आण म्हणणारी मीच. मला तिची माफी मागायची आहे.
नको नको म्हटलं. आई मनावर घेत नाही, तिला इंग्रजी येत नाही.
"तू आहेस ना भाषांतराला."

१६ मे, शनिवार
नेल घरी आली. हातात ट्यूलिप्स, केस विंचरलेले, मी पहिल्यांदाच बघितले. आईने पोहे केले, वर ओलं खोबरं. अवि चहा करत होता. मित्रा टेबलाच्या टोकाला पुस्तक घेऊन.

नेलने आईचा हात हातात घेतला. म्हणाली, तुम्हाला जे दाखवायचं नव्हतं ते मी दाखवायला लावलं. ते काढून टाका असं तुम्ही करुणाला सांगितलंत, बरं केलंत. मला क्षमा करा.
दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.
मी म्हटलं, "आई, ती म्हणते फोटो तिला फार आवडला."

आई नेलकडेच बघत होती. नेलच्या डोळ्यात पाणी होतं, आवडलेल्या फोटोसाठी कुणी रडत नाही, एवढं तिला कळत नसेल का. एकतीस वर्षं मुकादमांची तोंडं बघून काढलीत तिने. मग म्हणाली, "तिला म्हनावं, तुज्या कॅमेऱ्याचा काय दोष नाय."
मी नेलला सांगितलं, "शी सेज थँक यू."
मित्राने पुस्तक मिटलं. "मम. आजीनी असं नाही बोलली."
अविने गॅस बंद केला.
"काय म्हणाली?" नेलने विचारलं. मला नाही, मित्राला.
मित्राने सांगितलं. शब्दन्‌शब्द बरोबर. आणि नेल काय म्हणाली होती ते आजीला मराठीत सांगितलं, चुकतमाकत. आईने ऐकून घेतलं, नेलच्या हातावर थोपटलं आणि तिच्या बशीत आणखी पोहे वाढले.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. नेलने सगळे पोहे संपवले. दारात मला एवढंच म्हणाली, "यावेळी कान तू नेलास."

१८ मे, सोमवार
कामावर जावं की नाही कळेना. गेले. नेलने कॉफी दिली, तेवढ्यावरून डोळे भरून आले. मग कामाचं. प्रदर्शन पुढे ग्लासगोला जाणार, फायली त्यांना १ जूनच्या सकाळी पाहिजेत, तिकडे पुन्हा प्रिंट करतील. आईची कुठली फाइल द्यायची?
"तू ठरव," मी म्हटलं.
"मी नाही. आईला विचार. तुमच्या भाषेत. आणि मी नसताना."

आणि म्हणाली, तीन वर्षं झाली तुला इथे, खुर्चीत एकदाही बसली नाहीस. २९ला बस. एक वस्तू आण.

२१ मे
तीन दिवस टाळलं. आज आई मेथी निवडत होती, शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कडी लावल्यापासून. सॉरी म्हटलं, मग माफ कर म्हटलं. मराठीत ते फार जड वाटलं.
आई मेथी निवडत राहिली.
"मला वाटलं तुला सासरी बोल लागंल म्हनून केलंस."
"कुणी बोलत नाही गं आई. माझं मलाच."
"हां," म्हणाली. तेच तिला लागलं, दिसलं मला. सासरच्यांसाठी असतं तर तिने पोटात घातलं असतं.

विचारलं, ग्लासगोला कुठला लावू.
"ते तुजं तू बघ. मी फुगा दाबला, माजं काम झालं."
मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. २९ला नेलकडे मला बसायचंय, बिल्ला देतेस?
आईने काडी बाजूला टाकली. रागावली नव्हती. "तो माजा हाय, करुणा. उनापावसात झाडून मिळवलाय. तू तुजं काहीतरी ने."

२५ मे
माझं काय आहे? घरभर फिरले. पदवीचा कागद, मंडळाने दिलेलं मानचिन्ह, मंगळसूत्र. एकही वस्तू धरून बसावीशी वाटत नाही. अवि म्हणाला, लॅपटॉप ने. थट्टेत म्हणाला पण बरोबर बोलला.
नणंदेला फोन लावला होता. रिंग गेली, तिने उचलला, मी तिच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

२९ मे, शुक्रवार
स्क्रीनवर डाग पुसायचा, रिटचिंगचा पेन नेला. काळा प्लास्टिकचा, टोक झिजलेलं. त्यानेच बिल्ला काढला होता.

नेलने प्लेट स्वतः भरली. खुर्ची अपेक्षेपेक्षा कडक आहे, इतकी माणसं बसवली आणि कधी कळलं नाही. पेन मांडीवर, उजव्या हातात फुगा. नेलने पाठ केली. बाहेर नदीवर कुणीतरी होडीला रंग देत होतं, त्याचा वास येत होता.

पाचपर्यंत मोजायचं, एवढंच काम. पेन लेन्सला दिसेल असा धरला, मग कुशीकडे वळवला, मग पुन्हा धरला. कुणाला कळणार आहे नुसत्या पेनवरून? कुणाला नाही. मला सांगावं लागेल. हे काय, असं नणंद विचारेल आणि मला सांगावं लागेल.

तासाभराने नेल म्हणाली, तिने अजून पाठच केलेली होती, "प्लेट थांबेल. मंगळवारी ये."
मंगळवारी दुपारचं आईचं विमान आहे, आधी तिला हीथ्रोला सोडायचं. तिची बॅग भरून झाली. बिल्ला रुमालात गुंडाळून तिने वरच ठेवलाय, चेन उघडली की दिसेल असा.

ग्लासगोची फाइल सोमवारी सकाळी. दोन्ही उघडून बसलेय, एकीत आहे, एकीत नाही.
आईला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.