पत्र वाचून आनंद झाला

चि. ठकूस, आजीचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? इकडे माझे गुडघे सोडले तर सगळे मजेत.

तर पहिला आला तो फोटोवाला. मी दार उघडलं तोच त्यानं माझा फोटो काढला, हातात झाडू असताना. मागून जाड चष्म्याच्या एक बाई जिना चढून धापा टाकत आल्या. तुझ्या आईच्या विद्यापीठातली माणसं. आई कुलगुरू झाली म्हणून तिच्यावर पुस्तक काढताहेत, आणि सुरुवात म्हणे तिच्या आईपासून करायची, म्हणजे माझ्यापासून. (मी साडी बदलून आले. नंतर फोटोवाला म्हणाला, झाडूवालाच छान आलाय.)

बाईंनी विचारलं, मुलीचं काम तुम्हाला कळतं का? मी म्हटलं, न कळायला काय झालं. खाणीतला दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, औषध घालून खालून हवा सोडायची. फेस येतो, त्याला चिकटून धातूचे कण वर येतात. आपण कपडे धुतले की फेस मोरीत ओततो, ते फेस ठेवतात आणि खालचा गाळ टाकतात. तुझी आई आधी त्या फेसापाशी उभी राहिली, मग तेच पोरांना शिकवू लागली, मग शिकवणाऱ्यांची मुख्य झाली आणि आता सगळ्या विद्यापीठाची. (तिथे फेस फार आणि धातू कमी, असं तीच मला फोनवर म्हणाली. तू कुठे बोलू नकोस.)

मग बाईंनी तुझ्या आईचं एक भाषण वाचून दाखवलं. पहिली नोकरी खाणीवर, सगळ्या कारखान्यात ती एकटी मुलगी. तिसऱ्या महिन्यात तिनं मला लिहिलं की सोडून घरी येऊ का, आणि मी एका ओळीत उत्तर दिलं, "पत्र वाचून आनंद झाला. असंच चालू दे." ते कार्ड म्हणे चौतीस वर्षं तिच्या टेबलाच्या खणात आहे. कुणी विद्यार्थी रडत आला की ती ते काढून दाखवते. फोटोवाल्यानं डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "आजी, एवढं मन घट्ट कसं केलंत?"

मी म्हटलं, "चहात साखर किती घालू?"

ठके, तुला म्हणून सांगते. मला वाचायला तू शिकवलंस, तू दुसरीत असताना. त्याआधी मला पत्ता आणि ती एक ओळ, एवढंच लिहिता यायचं. आजोबांनी गिरवून घेतली होती. येईल त्या पत्राला मी तीच ओळ पाठवायची. (माझ्या मावसभावालासुद्धा, त्याचे सासरे गेले तेव्हा. तो अजून माझ्याशी बोलत नाही.) आजोबांमागे आलेली पत्रं शेजारच्या मास्तरीणबाई वाचून दाखवायच्या, पण त्या महिन्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पोर वाट बघत असेल म्हणून मी आपली ओळ धाडून दिली. त्या परत येईपर्यंत तुझ्या आईचं दुसरं पत्र आलं, खुशालीचं. मग ते आधीचं तसंच राहून गेलं.

पाहुणे गेल्यावर कपाट उपसून ते शोधलं. शब्दाखाली बोट ठेवून वाचायला दुपार लागली. लिहिलंय, आई, दगड दळायच्या गिरणीचा आवाज झोपेतही थांबत नाही. जेवायला सोबत कुणी नसतं. तू ये म्हणालीस तर शनिवारच्या गाडीनं येते.

अगं, मी ये म्हटलं असतं. म्हटलं कसलं, शुक्रवारपासून स्टेशनवर जाऊन बसले असते. मग कसली खाण आणि कसलं कुलगुरूपद. ती ज्या खंबीर आईला इतकी वर्षं मिरवतेय, ती मी नव्हेच. आणि आता ही माणसं कॅमेरा घेऊन परत येणार, मी सगळं माझ्या तोंडानं सांगायचं. खरं सांगू तर तिच्या खणातलं कार्ड खोटं पडतं, खोटं सांगू तर ते माझ्या तोंडावर लपत नाही. काय बोलू ते जाड अक्षरात लिहून पाठव. आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. अक्षरही कळू देऊ नकोस म्हटलं ते सोड. तिचं पत्र या पाकिटात घातलंय, तिच्याच हातात दे. (तिच्या नावानं टाकलं तर तिचा सेक्रेटरी उघडतो आणि वर शिक्का मारतो.) खाली जागा होती, तिथे मी उत्तर लिहिलंय. "ये." एवढंच.

ता. क. दुसरा. शनिवारची गाडी अजून आहे, मी चौकशी केली. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं ते तिनं समोर बसून सांगावं, म्हणजे मी तसं बोलेन. पाहुणे मंगळवारी अकराला येतो म्हणालेत.