तुझ्या पायाची मापं

प्रिय ठकू,

बाबा होते तेव्हाची एक सकाळ आठवते. मी कामाच्या खोलीतली चामड्याची कातरण झाडून काढत होते, गॅसवर दूध होतं, आणि बाबा एका बोटाने तुझी मापं कॉम्प्युटरवर चढवत होते. डावा पाय आखूड, म्हणून डावी टाच अठ्ठावीस मिलिमीटर उंच. दूध उतू गेलं तरी त्यांनी मला हाक मारली नाही, आकडा चुकेल म्हणून. एवढीच आठवण. अशा पुष्कळ आहेत, आणि दिवसभर चालतात.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. रोज जोड्यांचं विचारून मीच तुला पिडलं, कबूल. बाबांनी केलेला शेवटचा जोड तीन वर्षांचा झाला. टाच झिजली, जिना चढताना तुझी कंबर धरते, हे तू नाही, तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. बाबांनंतर कुणाला पाय दाखवणार नाही, हे तुझं एकच म्हणणं. म्हटलं, नको दाखवूस. मापं घरात आहेतच.

ती होती त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो मागच्या महिन्यात बंद पडला. दुरुस्तीवाल्याने त्यातलं सगळं काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवलं, पण बाबांचा प्रोग्राम त्यावर चालेना. त्याला त्याच्या काळचीच सिस्टिम लागते. मग त्यानेच तोड सांगितली: लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात ती जुनी सिस्टिम बसवायची. तो करूनही देत होता. पण तुझी मापं त्याने का बघावीत? मीच बसले. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे. माहितीपुस्तक छापून आणलं, शब्दकोश शेजारी ठेवला आणि एकेक ओळ लावत गेले.

पंधरवडा गेला. निळी पट्टी सरकत जायची, नऊ मिनिटं उरली म्हणायची, आणि पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, बिचाऱ्या खोट्या कॉम्प्युटरला कमी पडत असेल. म्हणून दर वेळी मेमरी वाढवली. शेवटी लॅपटॉपची निम्मी त्याला देऊन टाकली, तर तो आणखी लवकर कोसळायला लागला. दुकानात जाऊन सांगितलं, तेव्हा दुरुस्तीवाला हसला नाही हे त्याचे उपकार.

“काकू, त्याच्या काळात एवढी मेमरी नसायचीच. त्याला झेपत नाही. कमी करा.”

कमी केली. पट्टी शेवटपर्यंत गेली. आनंद व्हायला हवा होता, पण मी इतकी दमले होते की नुसती बसून राहिले.

मग तुझं पान उघडलं. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासूनची मापं, ओळीखाली ओळ. शेवटच्या ओळीपुढे बाबांनी लिहिलंय: ‘आज चिडली होती. पुढच्या वेळी आधी विचारावे, मगच पाय धरावा.’ मला हे कधी बोलले नाहीत.

ती मापं उतरवलेला कागद घेऊन बाबांच्या जोडीदाराकडे गेले. वीस वर्षं दोघं एकाच बाकावर जोडे शिवत होते, त्याच्यापासून काय लपवायचं. त्याने दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

“वहिनी, तीन वर्षांत पाय बदलतो. यावर केला तर जोडा तिला चावेल.”

म्हणजे सगळा खटाटोप वाया. घरी येऊन भांडी घासली, आणि घासता घासता मनात आलं, माप काय, मलाही घेता येईल. मी काही कुणी परकी नाही. म्हणून हे पत्र, ठकू. मी येऊ का? नको वाटत असेल तर तसं सरळ लिही, मी राग मानणार नाही आणि पुन्हा विचारणार नाही. भांडी घासली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाबांच्या जोडीदाराच्या दुकानात गेले, त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्या पायावर माप घ्यायला शिकले.

तुझीच,
आई