पंधरा माणसांचा मटारभात

६ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. आई जाऊन दीड वर्ष झालं आणि तुम्ही अजून पाव-चहावर दिवस काढताय! नोकरीभर लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून पाण्याचे मीटर वाचलेत, कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून सांगायचात, आणि आपल्या घरातला चिमटा कुठल्या खणात असतो ते तुम्हाला ठाऊक नाही. कमाल आहे तुमची.

आता मुकाट्याने ऐका. मटारापासून सुरुवात करा. मटार स्वभावाने गरीब, थोडंफार चुकलं तरी सांभाळून घेतो. शेंगा घेताना एक फोडून दाणा चावून बघा, गोड लागला तरच घ्या. भाजीवाला रागावला तर रागावू दे. एक कांदा बारीक चिरा. लोण्यावर तो मऊ झाला की बटाट्याच्या फोडी टाका, झाकण ठेवा आणि झाकणावर थोडं पाणी. फोडी अर्ध्याकच्च्या असतानाच मटार घाला, आधी नाही, नाहीतर रंग उडून अगदी आजाऱ्यासारखे दिसतात. शेवटी मीठ, मिरपूड आणि चिमूटभर साखर. साखर आई घालायची आणि विचारलं तर कानांवर हात ठेवायची.

अडलंच तर तळमजल्यावरच्या शिवणमावशीला हाक मारा. आईच्या आजारपणात तिने आपलं घर सांभाळलं, तुम्हाला कांदा चिरून द्यायला ती नाही म्हणायची नाही.

माझं बरं चाललंय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कारखान्यात लोकांच्या कवळ्या घासते. हल्ली माणूस समोर आला की आधी त्याचे दातच दिसतात. दादाचं पत्र आलं होतं, वहिनीला खोकला आहे म्हणतो.

जेवून घेत जा आणि माझ्यावर आहे तशीच माया ठेवा.

तुमची
ठकू


१९ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या दिवशी मटार तळाला लागला. पातेलं घासता घासता तुझ्या आईची आठवण झाली, कारण असं पातेलं मी तिच्यासमोर ठेवलं असतं तर तिने ते माझ्याच डोक्यावर घातलं असतं. दुसऱ्या दिवशी मात्र झकास जमला. साखरेचं कुणाला सांगितलं नाही. एका बैठकीत पातेलं रिकामं झालं, बघ.

फक्त मिरपूड जरा कमीच घातली. हल्ली तिखट सोसत नाही. रात्रीसाठी हलकं, मऊ असं काही असेल तर कळव. मटाराचंच चालेल, बाजारात सध्या ढीग लागलेत. आणि शिळं न उरता बेताचं कसं करायचं तेही लिही.

माझी काळजी करू नकोस. घरात आता पूर्वीसारखं सुनं सुनं वाटत नाही. कालच पडदे धुऊन लावले, एकाची दोरी उसवली होती तीही नीट झाली.

तब्येतीला जप, आणि म्हाताऱ्या बापाला विसरू नकोस.

बाबा


२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आणि पडदे! मी पत्र दोनदा वाचलं. आणि तिखट सोसत नाही म्हणजे काय? जेवताना कच्ची मिरची कराकरा चावणारा माणूस तुम्ही. पोटात दुखतं का? जळजळतं का? डॉक्टरांकडे जाऊन या, आणि ते काय म्हणाले ते न गाळता लिहा.

रात्रीसाठी सूप करा. मटार आणि कांद्याचा छोटा तुकडा पाण्यात उकळा, चार दाणे बाजूला ठेवून बाकीचे कुस्करा आणि गाळून घ्या. जरा दूध घाला, पण दूध घातल्यावर खळखळून उकळू देऊ नका. वरून ते चार दाणे सोडा, म्हणजे खाताना काहीतरी हाती लागतं. कंटाळा आला तर दोन अंडी फोडून त्यात उकडलेले मटार घाला आणि तव्यावर सारखं हलवत राहा. एवढं केलंत की आचारी झालात.

मावशी काय म्हणते? तिच्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत. आणि दादाला काय झालंय? मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. वहिनीचा खोकला वाढला की काय?

लवकर उत्तर पाठवा, तुमच्या मायेची मला सवय आहे.

ठकू


१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पोट ठणठणीत आहे. डॉक्टरांना उगाच कशाला त्रास? सूप फार आवडलं. दादा कामात आहे, वहिनी बरी आहे. शिवणमावशीही ठीक.

आता एक मोठं काम आहे. आमचे जुने मीटरवाले मार्चच्या पहिल्या शुक्रवारी घरी जेवायला येणार आहेत, पंधराएक माणसं होतील. मी बढाई मारून बसलो की सगळं घरीच करीन. तेव्हा पंधरा जणांना पुरेल असा मटारभात आणि सोबत काहीतरी थंड, सोपं असं लिहून पाठव. कृती वेगळ्या कागदावर लिही म्हणजे शेगडीजवळ लावता येईल. पत्र तिथे लावलं तर तेलकट होईल.

तू रजा काढून येण्याच्या भानगडीत पडू नकोस. प्रवासाची दगदग, आणि म्हाताऱ्यांच्या गप्पांत तुला करमणार नाही. सावकाश ये, उन्हाळ्यात.

तुझ्या मायेवरच माझं चाललंय, ती कमी करू नकोस.

बाबा


२४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खरंच आले असते. मालक रजा देतील. पण तुम्ही इतकं नको नको म्हणताय, की मला वाटतं सगळं श्रेय तुम्हाला एकट्याला लाटायचंय. लाटा! मीटरवाल्यांना माझा नमस्कार सांगा, आणि जो मला लहानपणी पेपरमिंट द्यायचा त्याला म्हणावं की ठकूचे दात त्यामुळेच किडले आणि म्हणूनच ती या धंद्यात आली.

कृती वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. आदल्या संध्याकाळी शेंगा सोलून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

जेवण कसं झालं ते सविस्तर कळवा, आणि लोभ पातळ होऊ देऊ नका.

ठकू

(सोबतचा कागद)

मटारभात, पंधरा माणसांचा. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. मोठ्या पातेल्यात लोणी सढळ हाताने. कांदे उभे चिरून तांबूस करायचे, अर्धे काढून ठेवायचे. त्यातच तांदूळ परतायचा, दाणा दाणा सुटा वाटला की उकळतं पाणी. पाणी आटत आलं की मटार, मीठ, आणि झाकण. मग कुणीही झाकण उचलायचं नाही, कितीही मोह झाला तरी. वाढताना ते बाजूला ठेवलेले कांदे वरून.

थंड: उकडलेले मटार, काकडीच्या बारीक फोडी, घट्ट दही, मीठ. दही अगदी शेवटी.

सगळ्यांना पोटभर वाढा. माझ्या वाटचं तुम्ही खा. घर पुन्हा माणसांनी भरतंय, आईला बरं वाटलं असतं.


१६ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. तुझे बाबा म्हणत होते, तिला थोडा वेळ दे. पण आभार मानायला किती वेळ थांबायचं?

नोंदणी कचेरीत सह्या झाल्या आणि आम्ही सरळ घरी जेवायला आलो. दादा, वहिनी, माझा भाऊ, शेजारपाजारचे आणि तुझ्या बाबांचे एक-दोन मित्र, बस्स. मटारभात तुझ्या कृतीनेच झाला. शेंगा आम्ही दोघांनी आदल्या संध्याकाळी सोलल्या.

आमचं लग्न ठरल्याचं तुला कळवलं, पण तुझ्या मनाची तयारी नाही, तू येणार नाहीस, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. तुझी आई माझी मैत्रीण होती, तिच्या स्वयंपाकघरात मला उभी बघणं सोपं नाही, हे मला कळतं. दादा मात्र तुझ्यावर चिडला. बापाच्या सुखात यायला हिला जड झालं, असं म्हणाला. मग बाबांनी तुझा तो कागद आणून दाखवला. म्हणाले, ती यायची नाही, पण जेवण तिच्या हातचं असावं म्हणून तिने कृती धाडली आहे. शेवटची ओळ वाचली, आईला बरं वाटलं असतं, आणि मी शिवणयंत्रावर डोकं टेकून रडले. तो तुझा होकार आहे असं मी समजले. अजून तसंच समजते.

रोजचा तुझा मटार-बटाटाही छान होतो. फक्त मला तिखट चालत नाही, म्हणून ते बिचारे मिरपूड हातचं राखून घालतात.

तुला वाटेल तेव्हा ये. काय हाक मारायची ते तू ठरव, मी मावशीलाही ओ देईन.

या नव्या नात्यातही मला तुझा जुनाच जिव्हाळा हवा आहे.

मावशी


२१ मार्च

बाबा,

मावशीचं पत्र आलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. वाचता वाचता मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, मला वाटलं पत्र दुसऱ्या कुणाचं आहे.

ठकू नाव ठेवलंत आणि खुशाल ठकवलंत. मी तुमच्या पोटाच्या काळजीने झुरत होते. तुमच्या लग्नाचं जेवण मी माझ्या अक्षरात लिहून दिलं आणि तुम्ही ते मला मीटरवाल्यांच्या नावाने मागितलंत. वेगळ्या कागदावर! म्हणजे पत्रातल्या बाकीच्या ओळी कुणी वाचायला नकोत. हे सुचायला किती वेळ लागला तुम्हाला?

तुम्ही लग्न केलंत याचं मला दुःख नाही, असं लिहिणार होते, पण तेही खरं आहे का ते मला माहीत नाही. कदाचित मी रडले असते. कदाचित भांडले असते, महिनाभर बोलले नसते आणि मग ऐन वेळी गाडीत बसून आले असते. ते माझं मी ठरवलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाही, आणि माझा नकारही माझ्या वतीने तुम्हीच देऊन टाकलात. दादा का लिहीत नाही ते आत्ता कळलं. पंधरा माणसं माझा भात जेवली आणि प्रत्येक जण मनात म्हणाला असेल, केवढी दगडाच्या काळजाची पोरगी.

मावशीला मी अजून काही लिहिलेलं नाही. तिला खरं काय ते तुम्ही सांगायचं.

ठकू


३० मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं सगळं खरं आहे. तुला कळवायचं म्हणून मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. तू तुझ्या आईवर किती जीव टाकायचीस ते मी पाहिलंय. तुझं येणारं पत्र बंद होईल ही भीती वाटली. तुझ्या पत्रांत मटार, थट्टा, माझी काळजी, सगळं इतकं छान चाललं होतं, की ते मोडायचा धीर झाला नाही. मग दादाने विचारलं, मावशीने विचारलं, ठकू येणार ना, आणि नाही असं तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घ्यायचं?

एक विनंती आहे. तिला यातलं काही कळवू नकोस. ती फार मानी आहे, उठून तळमजल्यावर निघून जाईल. तिच्या दृष्टीने तू होकार दिला आहेस आणि ती त्यात सुखी आहे. तू तिला चार गोड ओळी लिहिल्यास तर सगळंच निभावून जाईल. कुणाचं काय बिघडणार आहे? उन्हाळ्यात आलीस की आपण दोघं बसून बोलू.

रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझा
बाबा


५ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. बाबांनी तुला सांगावं म्हणून थांबले होते. त्यांनी मलाच गप्प राहायला सांगितलं आहे, तेव्हा आता थांबण्यात अर्थ नाही.

तुमचं लग्न झालं हे मला तुझ्या पत्राने कळलं. त्याआधी मला कुणी काही कळवलं नव्हतं. यायला मी नकार दिला नव्हता, कारण मला बोलावलंच नव्हतं. मटारभाताची कृती जुन्या मीटरवाल्यांच्या जेवणासाठी म्हणून मागितली होती. शेवटच्या ओळी मी बाबांसाठी लिहिल्या होत्या, घरात माणसं येणार याचा आनंद झाला म्हणून. तुझ्यासाठी त्यात होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. तू माझ्या मनातच नव्हतीस.

हे वाचून तुला किती लागेल ते मला ठाऊक आहे, लिहिताना मलाही लागतंय. गोड ओळी लिहिल्या असत्या तर तू खूश राहिली असतीस. पण मग तुला फसवणारी मी दुसरी झाले असते.

माझ्यावर रोष धरू नकोस, एवढंच मागणं.

ठकू


१४ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका कोटाचं अस्तर बदलत होते. हातातलं काम पुरं केलं, गिऱ्हाईक ताटकळलं होतं. मग वर गेले. तुझे बाबा शेंगा सोलत होते. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, यातलं खोटं काय आहे ते दाखवा. त्यांनी चष्मा शोधायचं सोंग केलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

मी चिडून ओरडले नाही. मला रडूही येईना. लाज वाटत होती, की ज्या ओळीवर मी रडले ती मला उद्देशून नव्हतीच, आणि समोर बसून मला रडताना बघणाऱ्या माणसाला ते माहीत होतं. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता गं. तेच मला सारखं आठवतं.

माझं अंथरूण मी खाली आणलं आहे. कायमचं की नाही ते मला अजून समजलेलं नाही, विचारू नकोस. पण एक गोष्ट मी करून घेतली. जे जे त्या दिवशी जेवायला होते, त्यांच्या त्यांच्या दारात तुझ्या बाबांना नेलं. ठकूला कळवलंच नव्हतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मी शेजारी उभी. पहिल्या दारात ते हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, तेव्हा मी परत बेल वाजवली. दादाकडे सर्वांत शेवटी गेलो. दादा खुर्चीतून उठला, आत गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनी म्हणाली, तो तुला पत्र लिहायला बसलाय आणि त्याला मायनाच सुचत नाही. त्याचं पत्र येईल, त्याला फार ताणू नकोस.

परतताना जिन्यात त्यांनी मला विचारलं, ठकू आता काय म्हणेल? मी म्हटलं, ते तुम्ही तिला कधी विचारलंच नाहीत, आता मला कशाला विचारता?

तू माझ्या मनातच नव्हतीस, असं तू लिहिलंस. खरं लिहिलंस म्हणून बरं वाटलं. पुढच्या शनिवारच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. एकटी. तू हो म्हणालीस तरच. यावेळी होकार असो की नकार, तुझ्या हाताने आणि माझ्या नावाने लिहून पाठव.

वाट बघणारी
मावशी